भाषा घेऊन बी.ए. केलं, पण भाषा शिकवायची कशी?

आजचा विषय आम्ही मुद्दाम साधा ठेवला आहे. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावातली एखादी मुलगी मराठी किंवा इंग्रजी घेऊन बी.ए.ला जाते. तिला शिक्षिका व्हायचंय. विद्यापीठ मोठं आहे, सरकारी आहे, अमरावती पस्तीसेक किलोमीटरवर आहे, एस.टी.ने जाऊन-येऊन करता येतं. घरचे म्हणतात, जा. प्रश्न असा की एवढी वर्षं ती भाषा शिकते म्हणजे नेमकं काय शिकते? आणि उद्या सहावीच्या वर्गात उभी राहिली की त्यातलं काय तिच्या हाती असतं?

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो, मग कारणं बघू. आपल्या मोठ्या विद्यापीठांत भाषेच्या नावाखाली मुख्यतः साहित्य शिकवलं जातं. साहित्य शिकणं वाईट नाही, उलट त्यावाचून भाषेचा शिक्षक कोरडा राहतो. पण पोराच्या घरच्या बोलीपासून पुस्तकातल्या भाषेपर्यंतचा रस्ता कसा बांधायचा, हे साहित्यात सापडत नाही. ते वेगळं ज्ञान आहे. आणि गंमत म्हणजे त्या ज्ञानाचा अर्धा कच्चा माल या नांदगावच्या मुलीच्या तोंडात आधीच आहे. तिला तो कुणी दाखवत नाही एवढंच.

आता हे असं का झालं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं १८५७ साली निघाली. मुंबई विद्यापीठात सुरुवातीला मराठीला जागा होती, पण १८६० च्या दशकात पदवीच्या अभ्यासक्रमातून ती बाहेर गेली. संस्कृत, लॅटिन, फारसी या अभिजात भाषा, त्यांचा अभ्यास करायचा. मराठी तर घरी बोलतातच, ती काय शिकायची, असा तो विचार. न्यायमूर्ती रानडे यांनी देशी भाषांना परत आत घेण्यासाठी अनेक वर्षं खटपट केली आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर ती फळाला आली. तिकडे कलकत्त्याला आशुतोष मुखर्जींच्या पुढाकारानं १९१९ मध्ये आधुनिक भारतीय भाषांत एम.ए. सुरू झालं.

आपल्या वऱ्हाडचं तर आणखीच वेगळं. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकणारा मराठी मुलगा आधी कलकत्ता विद्यापीठाची परीक्षा द्यायचा, नंतर अलाहाबादची. नागपूर विद्यापीठ निघालं १९२३ साली, अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेजही त्याच साली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीपर्यंत मराठी मुलाच्या पदवीचा कागद गंगेकाठच्या विद्यापीठातून यायचा! अमरावती विद्यापीठ तर १ मे १९८३ चं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि नंतर अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम, असे पाच जिल्हे त्यात आहेत.

हा इतिहास सांगायचं कारण असं. आधुनिक भाषा विद्यापीठात शिरल्या त्या स्वतःला सिद्ध करत शिरल्या. आमच्याकडेही काव्य आहे, आमच्याकडेही ग्रंथपरंपरा आहे, असं म्हणत. मग अभ्यासक्रम कुणासारखा बनणार? संस्कृतसारखा आणि लॅटिनसारखा. कवी, कालखंड, वाङ्मयप्रकार, रसग्रहण. मराठीचं खातं असं घडलं आणि इंग्रजीचंही तसंच. भाषा शिकवण्याच्या शास्त्रासाठी स्वातंत्र्यानंतर वेगळ्या संस्था उघडल्या: इंग्रजीसाठी १९५८ मध्ये हैदराबादला, भारतीय भाषांसाठी १९६९ मध्ये म्हैसूरला. भाषाविज्ञान म्हटलं की पुण्याचं डेक्कन कॉलेज. आणि अध्यापनाची पद्धत? ती बी.एड. कॉलेजात.

म्हणजे घर एक, पण खोल्या तीन. एका खोलीत साहित्य, दुसरीत भाषेची रचना, तिसरीत शिकवण्याची रीत. मधली दारं बहुतेक वेळा बंद. नांदगावच्या मुलीला पहिली खोली नीट दिसते, तिसरी बी.एड.ला गेल्यावर दिसते, आणि मधली, जी सगळ्यात गरजेची, ती एखाद्या पेपरात खिडकीतून दिसल्यासारखी दिसते.

नव्या धोरणानं हे बदललं का? महाराष्ट्रात २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा ढाचा आला. राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयात सगळ्या विद्यार्थ्यांसाठी ‘क्षमता संवर्धन’ या नावाखाली भाषेला आठ श्रेयांक ठेवले आहेत: चार इंग्रजीला, चार आधुनिक भारतीय भाषेला. एक श्रेयांक म्हणजे साधारण पंधरा तासांची शिकवणी. हिशेब करा. चार गुणिले पंधरा, साठ तास. पूर्ण पदवीत मराठीचे साठ तास. शाळा दिवसाला सहा तास भरते असं धरलं, तर हे झाले दहा दिवस. ज्यांनी मराठी हा मुख्य विषय घेतला त्यांना अर्थातच कितीतरी जास्त मिळतं. पण मुख्य विषयातही भर साहित्यावरच आहे, हे आम्ही पुन्हा सांगतो.

बरं, आता तो कच्चा माल. इथे जरा थांबू, कारण आजच्या व्याख्यानाचा जीव इथे आहे.

वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराला ‘अशुद्ध’ म्हणणं फार सोपं. ‘शाळा’ला ते ‘शाया’ म्हणतं, ‘डोळा’ला ‘डोया’, ‘फळा’ला ‘फया’, ‘काळा’ला ‘काया’. आता बघा, यात चूक कुठे आहे? एकही शब्द मनाला येईल तसा बदललेला नाही. जिथे प्रमाण मराठीत ‘ळ’ आहे, तिथे ‘य’ आहे. हा नियम आहे, आणि पोरगं तो न शिकवता पाळतंय. ग्रियर्सननं भारतीय भाषांची पाहणी केली, तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडीची वेगळी नोंद आहे. म्हणजे अभ्यासकांना हे शंभराहून जास्त वर्षं ठाऊक आहे. वर्गातल्या लाल पेनाला मात्र ते पोचलेलं नाही.

पण अडचण खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. पोरगं लिहायला बसतं तेव्हा त्याच्या कानावर दोन प्रकारचे ‘य’ पडलेले असतात. ‘पाय’, ‘सोय’, ‘वय’ यांतला ‘य’ पुस्तकातही ‘य’च राहतो. ‘शाया’तला ‘य’ पुस्तकात गेला की ‘ळ’ होतो. ‘गाय’ म्हटलं तर गोठ्यातली गाय की विहिरीतला गाळ? ऐकून दोन्ही सारखेच. मग धास्तावलेलं पोर कधीकधी उलटंही करतं, जिथे ‘य’च हवा तिथेही ‘ळ’ घालून ठेवतं. त्याला ‘शुद्ध बोल’ म्हणून काहीच मदत होत नाही, कारण कुठला ‘य’ बदलायचा हे कान सांगू शकत नाही. ते डोळ्यानं शिकावं लागतं, म्हणजे वाचून. ज्या शिक्षिकेला हा नियम माहीत आहे ती काय करेल? ‘ळ’वाल्या शब्दांची एक यादी आणि ‘य’वाल्या शब्दांची दुसरी यादी पोरांकडूनच गोळा करून घेईल. पंधरा दिवसांत भिंतीवर दोन तक्ते लागतील. जिला नियम माहीत नाही, ती पाच वर्षं लाल गोल करत राहील आणि म्हणेल, या गावचे पोट्टे सुधरतच नाहीत.

दुसरं उदाहरण इंग्रजीचं घेऊ. ‘तो जेवून रायला.’ हे वाक्य ऐकून बाहेरचा माणूस हसतो. त्याला वाटतं, जेवला आणि मग राहिला कुठे? पण याचा अर्थ सरळ आहे: तो आत्ता, या क्षणी, जेवतो आहे. ‘तो जेवते’ आणि ‘तो जेवून रायला’ यांत वऱ्हाडी माणूस स्पष्ट फरक करतो. एक सवयीचं, एक चालू. इंग्रजीत ‘ही ईट्स’ आणि ‘ही इज ईटिंग’ हा जो फरक शिकवताना शिक्षक मेटाकुटीला येतात, तो या पोराच्या बोलीत तयार आहे. चालू क्रियेसाठी एक मदतीचं क्रियापद लागतं हेसुद्धा तयार आहे. हिंदीतलं ‘खा रहा है’ याच धाटणीचं, म्हणजे तीन भाषांना एकच खुंटी मिळाली. आपण मात्र इंग्रजीच्या तासाला आधी त्याचं ‘जेवून रायला’ खोडतो, त्याच्या जागी ‘जेवत आहे’ बसवतो आणि मग त्यावर इंग्रजी रचतो. पाया काढून घेतल्यावर वरचा मजला चढवायचा, असला हा प्रकार.

अर्थात खुंटी सगळीकडे चालत नाही. ‘मले समजून रायलं’ हे वऱ्हाडीत बिनचूक आहे, पण त्याचं ‘आय अॅम अंडरस्टँडिंग’ केलं की इंग्रजीच्या परीक्षकाच्या कपाळावर आठी येते. इंग्रजीत समजणं, माहीत असणं, आवडणं या क्रिया सहसा चालू काळात जात नाहीत. वऱ्हाडीत जातात. पोराची चूक कुठून आली हे ज्याला दिसतं, तो ती दोन मिनिटांत समजावू शकतो. ज्याला दिसत नाही, तो ‘पाठ करा’ म्हणतो. मधल्या, बंद खोलीत हेच असतं: दोन भाषा शेजारी ठेवून कुठे जुळतं आणि कुठे तुटतं ते पाहणं. त्याला मोठमोठी नावं आहेत, पण काम एवढंच.

आणखी एक गोष्ट, नोकरीशी थेट जोडलेली. अमरावती जिल्हा परिषदेत शिक्षक म्हणून लागलं तर नेमणूक नांदगावातच मिळेल असं नाही. धारणी, चिखलदरा मिळू शकतं. म्हणजे मेळघाट. तिथे वर्गातल्या अनेक पोरांची घरची भाषा कोरकू. कोरकू ही मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली भाषा आहे; तिची नातलग भाषा शोधायची तर झारखंडकडच्या मुंडारी, संथालीकडे जावं लागतं. एक नमुना सांगतो. इंग्रजीत ‘वी’ हा एकच शब्द. मराठीत दोन: ‘आम्ही’ म्हणजे तुम्ही सोडून, ‘आपण’ म्हणजे तुम्हाला धरून. कोरकूत चार! कारण तिथे ‘आम्ही दोघं’ आणि ‘आम्ही सगळे’ यांनाही वेगवेगळी रूपं आहेत. ज्या पोराची भाषा चार प्रकारचे ‘आम्ही’ जाणते, त्याला आपण पहिलीत ‘याला भाषाच येत नाही’ म्हणून मागे बसवतो. नांदगावची मुलगी स्वतः एक पूल ओलांडून आलेली असते, ‘मले’वरून ‘मला’वर. तो प्रवास तिला विद्यापीठानं कधी उलगडून दाखवला असेल, तर मेळघाटातला दुसरा, जास्त लांबचा पूल ती ओळखू शकेल. नाहीतर तीही तिथे जाऊन तेच करेल जे तिच्या बाबतीत झालं.

२०२० चं धोरण म्हणतं की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत शिक्षण घरच्या भाषेत, मातृभाषेत किंवा स्थानिक भाषेत व्हावं. वाक्य सुंदर आहे. पण कागदावर ‘मातृभाषा : मराठी’ लिहिलेल्या पोराची घरची भाषा वऱ्हाडी आहे, तांड्यावरच्या पोराची गोरमाटी आहे, मेळघाटातल्या पोराची कोरकू आहे, हे ओळखणारा शिक्षक आधी घडवावा लागेल. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून राज्यात केवढं रान पेटलं ते आपण पाहिलं. जूनअखेर शासनानं ते निर्णय मागेही घेतले. त्या गदारोळात भाषा किती असाव्यात यावर सगळे बोलले. पहिली भाषा तरी कशी शिकवतो, यावर फार थोडे बोलले.

आमच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे. शाळा न शिकलेला माणूस, बोली वऱ्हाडी, आणि कीर्तनाची रीत प्रश्नोत्तरांची. समोरच्यांना प्रश्न विचारायचा, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचं, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. लोकांच्या भाषेत सुरू करून लोकांना ठाऊक नसलेल्या जागी नेऊन पोचवायचं. बी.एड.च्या पुस्तकात हे तंत्र परदेशी नावांनी येतं. येऊ द्या, पण सोबत हेही सांगायला काय हरकत आहे? आणि जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर आहे, लीळाचरित्राचं गाव. तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलंय. नांदगावला खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळात जाणाऱ्या कुणालाही जुन्या मराठीच्या काळाची कल्पना देता येते. आमची अपेक्षा एवढीच की रिद्धपूरला फक्त ग्रंथांचा नाही, बोलींचा आणि अध्यापनाचाही अभ्यास व्हावा. नवी जागा आहे, तिथे तरी खोल्यांच्या मध्ये भिंती घालू नयेत.

आता व्यवहाराचं बोलू, कारण वर्षं तुमची जातात, पैसा तुमच्या घरचा जातो.

आजही अनेक मुलं बी.ए., बी.एड. करून प्राथमिक शाळेची वाट बघतात. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. लागतं. मध्यंतरी बी.एड.वाल्यांनाही परवानगी दिली गेली होती, पण सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ती रद्द ठरवली. बी.एड. आहे सहावीपासून पुढे. अकरावी-बारावीसाठी एम.ए. आणि बी.एड. दोन्ही. महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. बी.ए. तीन वर्षं, एम.ए. दोन, बी.एड. २०१५ पासून दोन: झाली सात. अठराव्या वर्षी सुरू केलं तर पंचविशी. चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक अभ्यासक्रम २०२३-२४ पासून देशात सुरू झाला आहे, पण तो अजून मोजक्या संस्थांत आहे. बारावीनंतर लगेच चौकशी केली तरच उपयोग.

पहिली ते आठवीसाठी टीईटी द्यावी लागते. १५० गुणांचा पेपर, त्यात दोन भाषांचे तीस-तीस म्हणजे साठ गुण. उत्तीर्ण व्हायला साठ टक्के म्हणजे नव्वद लागतात. भाषेचा विद्यार्थी इथे पुढे असायला हवा, आणि तरी अनेक जण अडकतात ते दुसऱ्या भाषेत, इंग्रजीत. त्यानंतर शासकीय भरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची, आणि मग पवित्र पोर्टल. हे सगळं बी.ए.च्या पहिल्या वर्षीच माहीत असावं, शेवटच्या वर्षी नाही.

मग पदवीच्या काळात करायचं काय? आमच्या मते एक वही करा. घरी, शेतात, एस.टी.त ऐकलेली वाक्यं लिहा, समोर प्रमाण मराठी, त्यासमोर इंग्रजी. ‘काऊन’, ‘कायले’, ‘मले’, ‘तुले’, सगळं. महिन्यातून एकदा बसून काय कुठे नियमानं बदलतंय ते पाहा. व्याकरणाचा पेपर जड वाटला तरी सोडू नका, मधल्या खोलीची किल्ली तोच पेपर आहे. प्रकल्प करायची संधी मिळाली तर कवीवर करण्याआधी आपल्या गावच्या बोलीवर करा. मार्गदर्शक नाही म्हणाले तर दोनदा विचारा. आणि बी.एड.च्या शाळेतल्या सरावात, जो किमान वीस आठवड्यांचा असतो, ती वही सोबत ठेवा.

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यांतले दोन इथे देत आहोत.)

प्रश्न : सर, मग वर्गात वऱ्हाडीतच शिकवायचं का? पालक म्हणतील, आम्ही शाळेत कायले पाठवतो?

पालकांचं बरोबर आहे. मूल शाळेत पुस्तकाची भाषा मिळवायला येतं आणि ती त्याला मिळालीच पाहिजे. परीक्षा त्या भाषेत आहे, अर्ज त्या भाषेत आहे, मुलाखत त्या भाषेत आहे. आम्ही म्हणतोय ते सुरुवातीबद्दल. फळ्याच्या डाव्या बाजूला मुलाचं वाक्य, त्यानं म्हटलं तसंच. उजव्या बाजूला पुस्तकातलं. मधे बाण. डावी बाजू पुसायची नाही. तास संपेपर्यंत दोन्ही राहू द्यायच्या, आणि मुलाला विचारायचं, काय बदललं? उत्तर त्यालाच देऊ द्या.

प्रश्न : बी.एड.ला मराठी पद्धती घ्यावी की इंग्रजी?

शक्य असेल तर दोन्ही. बहुतेक ठिकाणी दोन शालेय विषयांच्या पद्धती निवडता येतात. मराठी आणि इंग्रजी अशी जोडी मिळते का, ते प्रवेशाआधी त्या महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घ्या. माहितीपुस्तिकेत असलं तरी त्या वर्षी शिकवायला माणूस आहे की नाही, हेही विचारा.